ज्याच्यासाठी पळायचं, तोच पळतो

धर्मादाय दौडीचा हिशेब तीन माणसांचा असतो. एकानं घाम गाळायचा, दुसऱ्यानं त्याच्याकडे बघून खिशात हात घालायचा आणि पैसे पोचायचे तिसऱ्याकडे. हा तिसरा सहसा रस्त्यावर नसतो. तो रुग्णालयात असतो, दुष्काळी मुलखात असतो, नाहीतर अजून जन्मायचा असतो.

१७ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या बिस्मार्क गावात सुमारे हजार लोक भुकेल्यांसाठी चालले आणि त्यांनी २५ हजार डॉलरच्या आसपास रक्कम उभी केली. पद्धत सोपी होती. ‘मी इतके मैल चालेन, मैलामागे तुम्ही किती द्याल?’ असं शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून आधी आकडा लिहून घ्यायचा आणि चालून आल्यावर वसुलीला जायचं. पुढच्याच वर्षी ‘मार्च ऑफ डाइम्स’ या माता-बालकांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं हीच युक्ती उचलली. १९८०मध्ये कर्करोगानं उजवा पाय गमावलेला टेरी फॉक्स हा तरुण कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर पळून तो थांबला, कारण कर्करोग फुप्फुसात पोचला होता. १९८८मध्ये ब्रूस क्लेलंड या अमेरिकन बापानं रक्ताच्या कर्करोगाशी झगडणाऱ्या आपल्या लेकीसाठी ३८ जणांचा चमू न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये उतरवला आणि ३ लाख २२ हजार डॉलर जमवले. तिथून मोठ्या शहरांच्या मॅरेथॉन आणि देणग्या यांची गाठ पक्की बसली. लंडन मॅरेथॉनच्या एका दिवसात, २०२४ साली, ७ कोटी ३५ लाख पौंड धर्मादाय कामांसाठी गोळा झाले. मुंबईत २००४पासून धावणाऱ्या मॅरेथॉनमध्येही ‘चॅरिटी बिब’, म्हणजे देणगी जमवणाऱ्यांसाठीचे छातीवरचे नंबर, असतातच.

व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांसाठी जेव्हा दौड निघते, तेव्हा मात्र हा तिघांचा हिशेब मोडतो. ज्याच्यासाठी पैसे जमवायचे, तो तिसरा माणूसच छातीवर नंबर लावून पहिल्या रांगेत उभा असतो. एवढ्या एका फरकानं सगळंच बदलतं. पैशाचं महत्त्व, प्रसिद्धीचे नियम, शर्यतीनंतर हातात काय द्यायचं हा प्रश्न आणि दौड यशस्वी झाली की नाही हे मोजायची फूटपट्टीसुद्धा.

हात आखडता का घेतला जातो

कर्करोगाच्या नावानं वर्गणी मागायला गेलं की लोक आपल्या घरातल्या कुणाची तरी आठवण काढतात आणि पाकीट उघडतात. दारूच्या किंवा गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) व्यसनाचं नाव काढलं की पहिली प्रतिक्रिया वेगळी येते: ‘हातानं ओढवून घेतलंय, आम्ही कशाला पैसे द्यायचे?’ दुसरी शंका त्याहून व्यावहारिक असते: ‘पैसे दिले तर त्याचीच पिऊन येणार नाही कशावरून?’ व्यसन हा आजार आहे, तो पुन्हा उलटू शकतो आणि त्यावर उपचार आहेत, हे वैद्यकशास्त्र कधीपासून सांगतं आहे. पण हे पटायला बरा होत असलेला माणूस डोळ्यांसमोर दिसावा लागतो, आणि नेमका तोच दिसत नाही. पिणारा सगळ्या गल्लीला दिसतो. पिणं सोडलेला माणूस सकाळी डबा घेऊन कामावर जातो, गर्दीत मिसळतो, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

लपून राहण्याला आणखी एक कारण आहे. १९३५मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात दोन मद्यपी एकमेकांना भेटले आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे ‘एए’ उभी राहिली. मीटिंगमध्ये आडनाव सांगायचं नाही, कुणी काय बोललं ते बाहेर न्यायचं नाही, हा तिचा कणा. १९५०मध्ये स्वीकारलेल्या तिच्या बारा परंपरांपैकी सातवी सांगते की, गटानं आपला खर्च आपणच भागवावा, बाहेरची देणगी घेऊ नये. अकरावी सांगते की, वृत्तपत्र, रेडिओ, सिनेमा अशा माध्यमांत सभासदानं स्वतःचं नाव उघड करू नये. म्हणजे या क्षेत्रातल्या सर्वांत मोठ्या मंडळीला दौडीतून मिळणारे पैसेही नको होते आणि प्रसिद्धीही नको होती. आजही एखाद्या दौडीनं ‘आम्ही एएसाठी निधी जमवतो आहोत’ असं पत्रक काढलं, तर एए ते पैसे घेणार नाही.

नाव सांगायचं की लपवायचं

या कोंडीतून वाट निघायला बराच काळ गेला. ८ मे १९७६ रोजी वॉशिंग्टनमध्ये ५२ नामवंतांनी एका व्यासपीठावर येऊन आपण मद्यपाशात होतो, आता बाहेर आहोत, असं जाहीरपणे सांगितलं. त्यांत चंद्रावर पाऊल ठेवलेला बझ ऑल्ड्रिन होता आणि घराघरांत पोचलेला नट डिक व्हॅन डाइकही. १९८९पासून अमेरिकेत सप्टेंबर महिना व्यसनोपचाराच्या कामाला वाहिलेला आहे. २००१मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात कार्यकर्त्यांची परिषद भरली आणि तिच्यातून ‘फेसेस अँड व्हॉइसेस ऑफ रिकव्हरी’ ही संघटना जन्मली. त्यांनी काढलेला तोडगा चतुर होता: ‘मी व्यसनातून सावरलेला माणूस आहे’ हे नाव-आडनावासकट सांगायचं, मात्र कुठल्या मीटिंगला जातो याचा उच्चार करायचा नाही. त्यामुळे परंपराही मोडत नाही आणि चेहराही झाकावा लागत नाही.

एवढं ठरलं की पुढची पायरी रस्त्यावर येण्याचीच होती. फिलाडेल्फियात डेलावेअर नदीकाठी दर सप्टेंबरात निघणारी पदयात्रा बघता बघता हजारोंची झाली. तिच्यात दहा किंवा अधिक वर्षं व्यसनमुक्त असलेल्यांचं मानाचं पथक असतं. ब्रिटनमध्ये २००९ साली लिव्हरपूलला पहिला राष्ट्रीय ‘रिकव्हरी वॉक’ झाला, पुढच्या वर्षी ग्लासगोला, मग कार्डिफला. दरवर्षी शहर बदलतं. जांभळा हा या चळवळीचा रंग ठरला आहे. त्या दिवशी टोप्या, फलक, चेहऱ्यावरचे रंग, सगळं जांभळं असतं.

या पदयात्रा काळजीपूर्वक पाहिल्या तर त्यांत तीन प्रकारचे लोक दिसतात. पहिले स्वतः सावरलेले. दुसरे त्यांच्या घरचे: बायका, नवरे, आईवडील, आणि बापाला पहिल्यांदाच इतके लोक टाळ्या वाजवताना बघणारी पोरं. तिसरे असे, ज्यांचा माणूस सावरला नाही. स्कॉटलंडमध्ये २०२० या एका वर्षात अमली पदार्थांच्या गैरवापरानं १,३३९ माणसं दगावली. पंचावन्न लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात हा आकडा भयंकर आहे. तिथल्या पदयात्रेत गेलेल्यांच्या नावानं नदीत गुलाब सोडण्याची प्रथा आहे. उत्सव आणि दिवसकार्य एकाच मांडवात, असा हा प्रकार. पण व्यसनाच्या आजारात ते तसंच असतं. ज्याच्या खांद्याला खांदा लावून मागच्या वर्षी चाललो, तो या वर्षी नसणं ही इथे नवलाची गोष्ट नाही.

संयोजकांनी अनुभवातून एक शहाणपणही कमावलं आहे. नव्यानं सोडलेल्या माणसाला व्यासपीठावर चढवायचं नाही. चाळीस दिवसांपूर्वी पिणं सुटलेला तरुण तळमळीनं बोलतो, लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. आणि दोन महिन्यांनी त्याची स्लिप झाली, म्हणजे तो पुन्हा प्यायला, तर? ज्या फोटोनं त्याला उभं केलं, तोच त्याला मीटिंगच्या दारातून परत फिरवतो. म्हणून बोलायला जुनेजाणते आणि चालायला सगळे, असा नियम बरा.

पहाटे साडेपाच

पदयात्रा वर्षातून एकदा निघते. व्यसन रोज असतं. ही फट ज्यांनी ओळखली, त्यांत फिलाडेल्फियाच्या ‘बॅक ऑन माय फीट’ या संस्थेचं काम नीट समजून घेण्यासारखं आहे.

अ‍ॅन माहलम ही मूळची बिस्मार्कचीच. वडिलांच्या जुगाराच्या व्यसनापायी घर मोडकळीला आलं, तेव्हा ती सोळा वर्षांची होती, आणि त्या दिवसांत तिनं पळायला सुरुवात केली. पुढे नोकरीनिमित्त फिलाडेल्फियात असताना रोज पहाटे ती बेघरांच्या एका निवारा केंद्रावरून पळत जायची. दारात उभी असलेली माणसं तिला हात करायची, थट्टामस्करी व्हायची. यांच्यावरून रोज पळत पुढे जाण्यापेक्षा यांनाच सोबत का घेऊ नये, असं तिच्या मनात आलं. केंद्राच्या चालकांना तिनं गळ घातली, बूट मिळवले आणि जुलै २००७मध्ये नऊ जणांना घेऊन पहिला मैल पळाली. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती.

पुढे या खटाटोपाला जी चौकट मिळाली, तिच्यात खरी मेख आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पहाटे साडेपाच. जे येतील त्यांनी आधी गोल करून उभं राहायचं, गळाभेट घ्यायची, मिळून प्रार्थना म्हणायची. मग झेपेल तितकं पळायचं किंवा चालायचं. पहिले ३० दिवस ९० टक्के हजेरी लागली की पुढचं दार उघडतं: पैशांचं व्यवहारज्ञान, नोकरीसाठी प्रशिक्षण, मुलाखतीची तयारी आणि घरभाड्याची अनामत किंवा कामाचं सामान अशा गरजांसाठी ठरावीक रकमेपर्यंत मदत. आठवड्याला तीन म्हणजे महिन्याला बारा-तेरा सकाळी. नव्वद टक्के म्हणजे त्यांतली फार तर एक चुकवायची मुभा.

इथे वेग मोजला जात नाही, अंतरही नाही. मोजली जाते ती हजेरी. वर्षानुवर्षं ज्याच्या शब्दावर घरच्यांनी विश्वास ठेवायचं सोडलं, त्याच्या नावापुढे महिनाभर हजेरीच्या खुणा लागतात, आणि त्या खुणांवर कुणीतरी त्याला नोकरी देतं. माहलमनं केलेली ही सांगड, पहाटेचं पळणं आणि दुपारची नोकरी, ही या कामाची किल्ली आहे.

बुटांचीही गोष्ट लहान नाही. निवारा केंद्रात मिळणारा प्रत्येक कपडा कुणाच्या तरी अंगावरून उतरलेला असतो, चप्पल अर्धा नंबर मोठी किंवा लहान असते. पळण्याच्या बुटाचं मात्र असं चालत नाही. पायाचं माप घ्यावं लागतं, घालून दोन पावलं टाकून बघावी लागतात, ‘अंगठ्याला टोचतंय का?’ असं कुणीतरी वाकून विचारतं. त्या माणसाला कितीतरी काळानं पहिल्यांदा त्याच्या मापाची कोरी वस्तू मिळालेली असते.

मग या कामात देणगीचं काय? शहराच्या मोठ्या मॅरेथॉनमध्ये संस्थेच्या नावानं पळणारे लोक आपापल्या मित्रांकडून पैसे उभे करतात, कंपन्या मदत करतात, आणि त्यातून बूट, कर्मचाऱ्यांचे पगार, प्रशिक्षणाचा खर्च चालतो. पण यांतले कितीतरी देणगीदार त्याच गोलात पहाटे उभे असतात. बँकेतला अधिकारी आणि निवारा केंद्रातला माणूस शेजारी शेजारी धापा टाकत असतात, आणि बहुधा बँकवाल्यालाच मागून ‘चल, चल, थांबू नको’ असं ओरडून सांगावं लागतं.

न्यायाधीशाचा क्लब

दुसरं उदाहरण लॉस एंजेलिसचं. शहराच्या मध्यभागी ‘स्किड रो’ नावाचा भाग आहे. पदपथावर तंबूंच्या रांगा, उघड्यावर चालणारी नशा, आणि त्यातच १९१४पासून बेघरांना आसरा देणारं ‘मिडनाइट मिशन’. क्रेग मिचेल हे तिथल्या वरिष्ठ न्यायालयात फौजदारी न्यायाधीश होते. त्यांनीच तुरुंगात धाडलेला एक माणूस शिक्षा संपवून त्यांना भेटायला आला आणि ‘मी जिथे सावरतो आहे ती जागा बघा’ म्हणून त्यांना या मिशनमध्ये घेऊन गेला. आपल्याकडून काय मदत होईल, याचा विचार करताना मिचेलना आपल्याला येणारी गोष्ट आठवली: पळणं. २०१२मध्ये ‘स्किड रो रनिंग क्लब’ सुरू झाला. आठवड्यातून ठरलेल्या पहाटे कोर्टात जाण्याआधी न्यायाधीश मिशनच्या दारात हजर.

क्लबनं पुढे एक आमिषही ठेवलं. जो व्यसनापासून दूर राहील आणि नेमानं सराव करील, त्याला परदेशातल्या मॅरेथॉनला न्यायचं. ज्यांनी आयुष्यात पासपोर्ट पाहिला नव्हता, ते लोक घानातल्या आक्राला आणि इटलीतल्या रोमला जाऊन पळून आले. ‘स्किड रो मॅरेथॉन’ हा २०१७चा माहितीपट याच प्रवासावर आहे. त्यात सगळेच तरले असं दाखवलेलं नाही. काही जण घसरतात, क्लबपासून तुटतात. ते दाखवल्यामुळेच बाकीच्यांचं तरणं खरं वाटतं.

कोलोरॅडोत स्कॉट स्ट्रोडनं २००६मध्ये सुरू केलेल्या ‘फिनिक्स’ या संस्थेची प्रवेश फी आणखी वेगळी आहे. पळणं, सायकल, गिर्यारोहण, वजनं उचलणं, सगळं फुकट. अट एकच: मागच्या ४८ तासांत दारू किंवा नशा केलेली नसावी. मुदत मुद्दाम तोकडी ठेवलेली आहे. ज्याची परवा स्लिप झाली, त्यालाही उद्या येता यावं. कडक नियमांच्या संस्थेत घसरलेला माणूस तोंड चुकवतो, आणि नेमकं तेव्हाच त्याला माणसांची गरज असते.

शरीरात काय घडतं

पळल्यानं व्यसन सुटतं का? या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचं तर ते दोन भागांत द्यावं लागतं.

पहिला भाग उत्साह वाढवणारा आहे. तलफ ही लाटेसारखी येते, काही मिनिटं टिकते आणि ओसरते. सिगारेटच्या तलफेवर झालेल्या बऱ्याच प्रयोगांत असं दिसलं, की दहा-पंधरा मिनिटं भरभर चाललं तरी तलफेचा जोर त्या वेळेपुरता कमी होतो. व्यायामानं झोप सुधारते, उदासी उतरते, आणि नशा सोडल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत याच दोन गोष्टी माणसाला सर्वांत जास्त छळतात. खूप पळाल्यावर येणारी ती प्रसिद्ध तरतरी मेंदूतल्या एंडॉर्फिनमुळे येते, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ६३ जणांना नाल्ट्रेक्सोन किंवा नकली गोळी देऊन पळवलं गेलं. नाल्ट्रेक्सोन एंडॉर्फिनची वाट अडवतं, तरीही पळणाऱ्यांना आनंद व्हायचा तो झालाच. म्हणजे या तरतरीमागे दुसरी रसायनं असावीत, आणि शरीर स्वतः तयार करतं त्या गांजासदृश द्रव्यांवर आता संशय आहे. आपल्या विषयाला याचं महत्त्व असं, की नाल्ट्रेक्सोन हे दारू आणि अफूच्या व्यसनावरचं नेहमीचं औषध आहे. ते घेणाऱ्या रुग्णाला पळण्याचा आनंद मिळणार नाही ही भीती या प्रयोगानं बरीचशी दूर केली.

दुसरा भाग उत्साहाला आवर घालणारा आहे. सिगारेट सोडण्याच्या उपचाराला व्यायामाची जोड दिली तर माणूस कायमचा सुटतो का, याचे अभ्यास एकत्र तपासले असता तसा ठोस पुरावा सापडला नाही. कोकेनसारख्या उत्तेजक नशेच्या तीनशेवर रुग्णांवर अमेरिकेत ‘स्ट्राइड’ नावाची मोठी चाचणी झाली. २०१७मध्ये तिचे निष्कर्ष आले. ज्यांना व्यायाम सांगितला आणि ज्यांना फक्त आरोग्याची माहिती दिली, त्या दोन गटांत नशेपासून दूर राहण्याच्या बाबतीत ठळक फरक दिसला नाही. मात्र ज्यांनी सांगितल्याप्रमाणे खरोखर व्यायाम केला, त्यांचा वेगळा हिशेब मांडल्यावर थोडा फायदा दिसला. घोडं अडतं ते इथे. व्यायाम लिहून देणं सोपं, माणसानं रोज येणं कठीण. गोल करून उभं राहणं, हजेरी, ‘काल का आला नाहीस?’ म्हणून येणारा फोन, या गोष्टी त्या कठीण भागावरचा इलाज आहेत.

नुसत्या पळण्याला औषध समजू नये, याचा पुरावा चार्ली एंगल या अमेरिकन धावपटूच्या आयुष्यातच आहे. दारू आणि क्रॅक-कोकेनच्या विळख्यात असतानाही तो मॅरेथॉन पळत होता. पाय चालत होते, पिणंही चालत होतं. १९९२मध्ये व्यसन सुटलं ते उपचार आणि मीटिंगच्या आधारानं. त्यानंतर पळण्याला वेगळा अर्थ आला, आणि २००६-०७मध्ये त्यानं दोन साथीदारांसह सेनेगलच्या किनाऱ्यापासून तांबड्या समुद्रापर्यंत सहारा वाळवंट पळत पार केलं.

काही धोकेही स्पष्ट सांगायला हवेत. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडल्यावरचे पहिले काही दिवस जिवावरचे असू शकतात. झटके येतात, भ्रम होतो. ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढायचे, बूट घालून मैदानात जायचं नाही. दारूनं पायांच्या नसा बधिर झालेल्या असतील तर फोड आलेलाही कळत नाही. हृदय आणि यकृत तपासून घेतल्याशिवाय चालण्यापलीकडे जाऊ नये. आणि अफूच्या व्यसनावर उपचार म्हणून ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन घेणाऱ्या माणसाला ‘तू कुठे सोबर आहेस?’ असं हिणवणाऱ्या संयोजकानं आपलं अज्ञान आधी दूर करावं. ते औषध आहे.

शेवटच्या रेषेवरचा ग्लास

मॅरेथॉनच्या दुनियेत आणखी एक गंमत आहे, जी सावरणाऱ्याला गंमत वाटत नाही. पाश्चात्त्य देशांत कितीतरी शर्यतींचे प्रायोजक बिअर कंपन्या असतात. पदकाबरोबर फेसाळता ग्लास हातात येतो. फ्रान्समधल्या मेडॉक मॅरेथॉनमध्ये तर द्राक्षमळ्यांमधून पळताना वाटेतल्या थांब्यांवर वाइन देतात. ४२ किलोमीटर पळून, शरीर थकलेलं, मन भरून आलेलं, चहूकडे जल्लोष. नेमक्या त्या क्षणी पुढे केलेला ग्लास नाकारायला जी ताकद लागते, ती शर्यतीपेक्षा मोठी. म्हणून व्यसनमुक्तीच्या दौडीत सगळ्यात आधी ठरवायची गोष्ट प्रायोजकाची. मद्य आणि तंबाखूच्या पैशाला सरळ नकार, आणि सोडा किंवा मिनरल वॉटरच्या नावाखाली येणाऱ्या त्यांच्याच ब्रँडलाही नकार. बर्लिनसारख्या शर्यतीत बिनअल्कोहोल बिअर देतात, पण तो वास, तो फेस यांनीही जुनी आठवण जागी होऊ शकते. लिंबू सरबतानं कुणाचं नुकसान होत नाही.

हिशेबाचंही असंच. दौडीची प्रवेश फी म्हणजे देणगी नव्हे. पोलीस बंदोबस्त, रुग्णवाहिका, पाणी, टी-शर्ट, वेळ मोजणारी चिप, विमा, यांतच ती संपते. कधीकधी त्याहून जास्त लागतं. खरी देणगी फीवर स्वतंत्रपणे उभी करावी लागते. चॅरिटी बिब घेणारा पैसे जमवतो ते यासाठीच. संयोजकांनी खर्च आणि शिल्लक दोन्ही जाहीर करावेत, कारण या विषयात देणारा आधीच साशंक असतो.

आपल्याकडे

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीच्या कामाला सामाजिक बळ मिळालं ते १९८६मध्ये. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यातल्या तरुणांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानं २९ ऑगस्टला पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. तिथली वाढदिवसाची रीत या प्रकरणाच्या विषयाला अगदी लागून आहे. व्यसन सुटून एक वर्ष, दोन वर्षं झाली की रुग्णमित्राचा (उपचार घेतलेल्याला तिथे असंच म्हणतात) वाढदिवस सर्वांसमोर साजरा होतो, घरची माणसं शेजारी उभी असतात. पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. फिलाडेल्फियाच्या पदयात्रेत दहा वर्षंवाल्यांना मान मिळतो, त्यामागची समज आणि ही समज एकच आहे: न पिता काढलेल्या दिवसांची मोजदाद चारचौघांत व्हावी.

खरं तर चारचौघांत सोडणं आपल्याला नवं नाही. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या वारकऱ्याला कुणी ग्लास पुढे करत नाही. माळ सगळ्या गावाला दिसते, आणि मोह झालाच तर गावच आठवण करून देतं. वर्षातून एकदा पंढरीची वाट चालायची आणि उरलेले दिवस माळ सांभाळायची, या जोडणीत वर सांगितलेली बरीच सूत्रं आपसूक येऊन बसतात.

आज मात्र आपल्या शहरांत व्यसनविरोधी दौड किंवा फेरी म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती २६ जूनची. संयुक्त राष्ट्रांनी १९८७मध्ये हा दिवस अमली पदार्थविरोधी दिन म्हणून जाहीर केला. त्या दिवशी शाळकरी मुलं फलक घेऊन निघतात, पोलीस अधिकारी झेंडा दाखवतात, घोषणा होतात. त्यात गैर काही नाही. पण फलकांवर कवटी, साप आणि फास असतो. सावरलेला माणूस फलकावरही नसतो आणि फेरीतही नसतो. तिघांच्या हिशेबातला तिसरा पुन्हा गायब. बघणाऱ्याला व्यसनाची भीती वाटते, पण व्यसन सुटू शकतं हे कळत नाही. ज्याच्या घरी पिणारा आहे, त्याला भीतीची गरज नसते, ती त्याच्याकडे मुबलक असते.

सावरलेल्यांना पुढे आणायचं तर आपल्याकडच्या अडचणीही ओळखायला हव्यात. फोटो छापून आला तर मुलीचं लग्न अडेल का, साहेब काय म्हणतील, घर भाड्यानं मिळेल का, या धास्ती खऱ्या आहेत. यावर उपाय साधे आहेत. फोटोसाठी आधी लेखी संमती घ्यावी आणि ज्यांना नको त्यांच्यासाठी वेगळ्या रंगाची पट्टी ठेवावी, म्हणजे छायाचित्रकाराला लांबून कळतं. बिबवर नाव न छापता नंबर द्यावा. सगळ्यांना, म्हणजे रुग्णमित्र, डॉक्टर, घरचे आणि सहज आलेले, एकच टी-शर्ट द्यावा. कोण कोणत्या कारणासाठी पळतो आहे हे ज्याचं त्यानं सांगावं, किंवा सांगू नये.

सोमवारी काय

एखाद्या दौडीला पैसे देण्याआधी किंवा तिच्यात पळण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. ज्यांच्यासाठी ही दौड आहे, ते पळणाऱ्यांत आहेत का? प्रायोजक कोण आहेत? आणि रविवारची दौड संपल्यावर सोमवारी काय आहे? पहिल्या दोहोंची उत्तरं पत्रकात सापडतात. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा नसतंच.

ते उत्तर तयार करायला मोठा निधी लागत नाही. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राशी बोलून, उपचार पूर्ण झालेल्यांसाठी आठवड्यातल्या तीन सकाळी ठरवायच्या. जागा एक, वेळ एक, पावसातही तीच. हजेरीची वही ठेवायची. न आलेल्याला त्याच दिवशी फोन करायचा आणि घसरलेल्याला परत यायचं दार उघडं ठेवायचं. कामधंदा देऊ शकणारे दोन-चार लोक त्या गोलात असले तर उत्तम. हे सहा महिने टिकलं की मग मोठी दौड काढावी, बँड लावावा, देणग्या मागाव्यात. तेव्हा मागणाऱ्याकडे दाखवायला वही असेल, आणि ‘त्या पैशांची दारूच पिणार ना?’ या प्रश्नाला वहीपेक्षा नेमकं उत्तर दुसरं नाही.